शुक्रवार वगळून रविवार

“आपण शुक्रवारचे लोक नाही, रविवारचे आहोत.” छत्रपती संभाजीनगरच्या ख्रिस्ती वर्तुळात हे वाक्य सध्या फार चालतं. बीड बायपासकडच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपमध्ये ऐकू येतं, वाढदिवसाच्या प्रार्थनेत ऐकू येतं, आणि हल्ली जुन्या मंडळींच्या व्यासपीठावरूनही. म्हणणाऱ्याचा चेहरा इतका प्रसन्न असतो की विरोध करणारा आपोआप सुतकी ठरतो. मी सुतकी ठरायला तयार आहे.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, नाहीतर विपर्यास केला म्हणतील. उत्तम शुक्रवारी येशूने वधस्तंभावर सगळं काम पुरं केलं. पाप, शाप, आजार, दारिद्र्य, साऱ्याचा हिशेब तिथे चुकता झाला. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो उठला. मग विश्वासणाऱ्याच्या वाट्याला उरलं काय? विजय भोगायचा. हात वर करायचे, स्तुती करायची, आशीर्वादावर हक्क सांगायचा. दुःख आलं तर विश्वास कुठेतरी कमी पडला असं समजायचं. लेंट, उपास, उत्तम शुक्रवारचे सात उद्गार, या सगळ्या जुन्या मिशनकाळच्या रडक्या सवयी. आणि शिष्यत्व? त्याचा सहा आठवड्यांचा कोर्स असतो, शनिवारी संध्याकाळी, चहाबिस्किटांसह. शेवटी प्रमाणपत्र मिळतं आणि ते लॅमिनेटही करून देतात.

ऐकायला झकास. अडचण एवढीच की ज्याच्या नावाने हे चाललंय त्याला यातलं फारसं काही मान्य नव्हतं.

उठला तो कोण, इथूनच सुरुवात करू. बंद दाराआड शिष्यांच्या मधोमध येऊन उभा राहिलेला येशू स्वतःची ओळख कशी पटवतो? तेजाने नाही, चमत्काराने नाही. हात आणि कूस दाखवतो. आठवड्याने थोमाला बोट लावून पाहायला सांगतो तेही जखमांनाच. ज्या सामर्थ्याने मेलेला देह उठवला त्या सामर्थ्याला चार व्रण बुजवता आले नसते? बुजवले नाहीत, कारण उठलेला तोच आहे जो मारला गेला, आणि हे विसरण्याची सोय त्याने ठेवलेली नाही. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात तर थेट स्वर्गातली उपासना चालू आहे. देवदूतांची मोजदाद नाही, गाणं नवं आहे, आणि ते गाणं ज्याच्यासाठी आहे तो राजासनापाशी वधलेल्या कोकऱ्याच्या रूपात उभा आहे. त्याचा वध झाला म्हणूनच तो स्तुतीला योग्य, असं त्या गाण्याचं कारण दिलंय. म्हणजे स्वर्गातल्या उपासनेतूनसुद्धा शुक्रवार काढलेला नाही. तो काढला आपण, बीड बायपासला.

वधस्तंभाशिवायचा विजय मागणारा पहिला माणूस पेत्र. मार्काच्या आठव्या अध्यायात तो येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, शाबासकीच्या तयारीत असतो, आणि पुढच्याच दमात येशू दुःख, नाकारलं जाणं, मरण यांची भाषा सुरू करतो. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. बाजूला घेतो, चारचौघांत नाही, हे मला फार ओळखीचं वाटतं. आपल्याकडेही पाळकाला असं बाजूला घेऊन सांगणारे असतात, की साहेब, जरा पॉझिटिव्ह बोला. येशूने त्या वेळी पेत्राला जे नाव ठेवलं ते आज एखाद्या पाहुण्या वक्त्याला ठेवलं तर कन्व्हेन्शन तिथेच आटपेल. आणि मग मार्क एक बारीकशी गोष्ट नोंदवतो. येशूने शिष्यांबरोबर लोकसमुदायालाही जवळ बोलावलं आणि आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याचं बोलणं त्या सगळ्यांसमोर केलं. तेव्हा ‘हे पाळकांसाठी, मिशनऱ्यांसाठी, खास पाचारण झालेल्यांसाठी’ ही पळवाट तिथेच बुजली. ज्या अध्यायात गर्दी भाकरी-मासळी खाते त्याच अध्यायात गर्दीलाही हे सांगितलं गेलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. “म्हणजे तुम्ही कर्मांनी तारण सांगता. तारण कृपेनेच आहे, इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठ आणि नऊ.” पाठ अगदी चोख. फक्त दहावी ओवी कोणालाच पाठ नसते. तिथे पौल म्हणतो की ज्या सत्कर्मांत आपण चालावं म्हणून देवाने ती आधीच तयार करून ठेवली, त्यांच्यासाठीच ही नवी घडण झाली. कृपा फुकट आहे याबद्दल वाद कुणाशी? माझा वाद फुकट मिळाल्यावर पान मिटून टाकण्याशी आहे. आणि ही खोड एका ठिकाणची नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला पंधरावा अध्याय ईस्टरला आणि दफनाच्या वेळी हमखास वाचतात. पुनरुत्थानावर त्याहून मोठं काही कुणी लिहिलेलं नाही. मरणाला आव्हान देऊन पौल शेवटी सांगतो काय? प्रभूच्या कामात कंबर कसून राहा, श्रम वाया जाणार नाहीत. आणि सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत विषय येतो यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी करायच्या वर्गणीचा! पुनरुत्थानावरून गडी थेट दानपेटीवर. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते हे लक्षात घ्या. वाचणाऱ्याने श्वासही न घेता हे दोन्ही वाचलं असणार.

आता साक्षीकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. ईस्टरनंतरच्या रविवारी साक्षीची वेळ ठेवतात. एकेक जण उठतो. कुणाचा कॅनडाचा व्हिसा अडला होता, उपास-प्रार्थना केली, मिळाला. कुणाला इथल्याच सातारा परिसरात टू-बीएचके मिळाला, तोही बिल्डरने आपण होऊन भाव कमी करून. कुणाच्या मुलाला वाळूजच्या कंपनीत कायम केलं. टाळ्या, हालेलुया. या माणसांच्या आनंदाची मला असूया नाही. घर मिळालं, देवाचे आभार मानले, उत्तम झालं. पण याला पुनरुत्थानाची साक्ष म्हणायचं? तशी साक्ष कशी असते हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. चौथ्या अध्यायाच्या तेहतिसाव्या ओवीत प्रेषित मोठ्या सामर्थ्याने प्रभू येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष देतात. चौतिसाव्या ओवीत लगेच कारण येतं: त्यांच्यात कुणालाच काही उणं नव्हतं, कारण ज्यांच्याकडे जमिनी किंवा घरं होती ते ती विकून पैसे आणून देत. मालमत्तेचा विषय तिथेही होता, पण मिळाल्याचा नव्हे, विकल्याचा. बर्णबाने शेत विकलं. आणि पुढच्याच अध्यायात अननिया आणि सप्पीरा यांनी जमिनीच्या किमतीबद्दल प्रेषितांसमोर खोटी साक्ष दिली. त्या दोघांचं पुढे काय झालं ते वाचून पाहा. आपल्याकडच्या रेडीरेकनर आणि रोख रकमेच्या व्यवहारांत देव तितका कडक नाही हे आपलं भाग्य.

ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याच्यावर बायांचं सगळं वेळापत्रक ठरतं, जायकवाडी भरलेलं असलं तरी टँकर चुकत नाही, आणि ज्या मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते, तिथे उठलेल्या प्रभूची साक्ष म्हणजे माझं पार्किंगसह घर? त्याच मंडळीत मागच्या बाकावर धुणीभांडी करणारी विधवा बसलेली असते. ती साक्ष द्यायला उठत नाही. उठून सांगणार काय, की व्हिसा नाही, फ्लॅट नाही, तरी विश्वास आहे? खरं तर संपूर्ण सभेत तेवढीच एक साक्ष ऐकण्यालायक होती. पण तिला ‘विजयी जीवन’ नाही, म्हणून तिच्यासाठी आपण प्रार्थना करतो. तिच्याकडून शिकावं हे कुणाला सुचत नाही.

करिंथच्या मंडळीत हेच चाललं होतं. श्रीमंत लवकर येऊन पोटभर जेवायचे, कष्टकरी उशिरा पोचायचे आणि उपाशी राहायचे. पौलाने त्यांना गाणी सुधारा, वाद्यं बदला असं सांगितलं नाही. तुम्ही जे जेवता ते प्रभुभोजनच नव्हे, असं स्पष्ट सुनावलं. एवढं कठोर वाक्य त्याने परस्त्रीगमनावर बोलतानाही वापरलं असेल का, मला शंका आहे. आणि आपण? प्रभुभोजनाला एकाच मेजाभोवती गुडघे टेकतो. मग मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की स्थळाच्या चौकशीत ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न दबक्या आवाजात येतोच. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या, आडनाव बदललं, गाव सुटलं, पण एक जात शुक्रवारी वधस्तंभावर मरायला तयार नाही. तिला बहुधा आपण रविवारचे लोक असल्याचं कळलंय.

आता मराठी इतिहासातले पुरावे, कारण हे रविवारचे लोक त्यांतलाच एक पुरावा आमच्यापुढे नाचवतात. केडगाव, 1905. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्या वर्षी जे संजीवन झालं त्याच्या कथा रसाळपणे सांगतात: मुली रात्ररात्र प्रार्थना करत, रडत, गात, पापं कबूल करत. “बघा, आमच्यासारखीच उपासना!” जरूर बघू. पण त्या मुली कोण होत्या? बहुतेक दुष्काळातून आणलेल्या. 1896-97 मध्ये मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो भुकेल्या, टाकलेल्या, काहींना तर दलालांनी हेरलेल्या मुली केडगावला आणल्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच अन्नावाचून गेले होते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांसारखा विद्वान पुराणिक, आणि शेवटी वाट्याला आलं ते उपाशी मरण. ते पाहिलेल्या मुलीने पुढे विहिरी खणल्या, शेती केली, दळण, विणकाम, छापखाना उभा केला, अंध मुलींना ब्रेल शिकवलं, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढलं. मग म्हातारपणी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं आणि रमाबाई 1922 मध्ये वारल्यानंतर दोन वर्षांनी पुस्तकरूपाने बाहेर पडलं. आता सांगा, 1905 ची ती रात्रभराची प्रार्थना या सगळ्यापासून वेगळी काढून, एसी हॉलमध्ये चाळीस मिनिटं एकच ओळ आळवून, आपण तिचे वारस कसे ठरतो? पाठीमागे 1900 चा दुष्काळ नसताना 1905 चा पाऊस मागणं ही निव्वळ हाव आहे.

केडगाव लांब वाटत असेल तर जालन्याला जाऊ, तासाभराच्या रस्त्यावर. नारायण शेषाद्री 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, त्यालाही त्या वाटेने जायचं होतं; न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केलं आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठं वादळ झालं. अशा घरातला हा माणूस. इंग्रजी शिकलेला, मुंबईत मानाने राहू शकला असता. तो निजामाच्या मुलखात जालन्याला आला, ज्यांच्या दारात जाण्याची ब्राह्मणाची छाती नव्हती त्या मातंगांच्या वस्तीत गेला, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल हे गाव वसवलं. त्यांनी शिष्यत्वाचा कोर्स घेतल्याचं काही ऐकिवात नाही. आपल्याच जिल्ह्यालगत हे घडलं, आणि आपल्या तरुणांना अमेरिकेतल्या वक्त्यांची नावं तोंडपाठ, शेषाद्रींचं नाव मात्र रस्त्याच्या पाटीवर दिसलं तर ‘कोण हे?’ म्हणून विचारतील. पाटी तरी कुठे आहे म्हणा.

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक. त्यांची गीतं ‘उपासना संगीता’त आहेत म्हणून ती ‘स्लो’ ठरली आणि पडद्यावरून गेली. वाद्यांवरून माझं भांडण नाही, हे एवढंच काय ते मी विरोधकांना देतो. कीर्तन, टाळ, मृदंग मंडळीत आले तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलं असेलच. पण 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यासी म्हणून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. पुढे दोनच वर्षांत ते गेले. पगारावर पाणी सोडणं हा त्यांच्या उपासनेचा भाग होता. ज्यांची गीतं ‘स्लो’ वाटतात त्यांच्या पावलाचा वेग जरा बघावा. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणचा कुठलाही वारकरी सांगेल, की काशीहून आणलेल्या कावडीतलं पाणी एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं तेव्हा त्यांची पूजा मोडली नाही, तिथेच पुरी झाली. हे कळायला ख्रिस्ती असावं लागत नाही. ख्रिस्ती असूनही कळू नये याचं मात्र नवल वाटतं.

यातला एक धोका आपल्या रविवारच्या लोकांना दिसतच नाही. बाहेर आपल्याबद्दल जुना आरोप आहेच: हे लोक तांदळासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी ख्रिस्ती झाले. तो आरोप खोटा आहे हे कायद्याच्या कागदावरूनच दाखवता येतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या दर्जाच्या सवलती गमावतो. शिखांसाठी 1956 मध्ये बदल झाला, बौद्धांसाठी 1990 मध्ये, ख्रिस्ती तसेच बाहेर. म्हणजे मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने आणि नंतरच्यांनीही वेशीवरचा बहिष्कार सोसून, सरकारदरबारचं नुकसान सोसून हा विश्वास धरला. त्यांच्याकडे साक्ष होती ती अशी. आणि आता त्यांचीच नातवंडं माईक हातात घेऊन सांगतात, की येशूकडे या, गाडी मिळेल, प्रमोशन मिळेल, शत्रूंसमोर मान उंच होईल. जो आरोप शंभर वर्षं विरोधकांना सिद्ध करता आला नाही तो आपण स्वखुशीने कबूल करून टाकला, तोही की-बोर्डच्या साथीवर.

“मग काय, कायम रडत बसायचं?” हा प्रश्न येणार, येऊ दे. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते. पाठीवर वेताचे वळ, पाय खोड्यात. याहून मोठी स्तुती कुठे झाली असेल तर मला दाखवा. पण ते गात होते कारण एका दासीला तिच्या मालकांच्या धंद्यातून सोडवल्याबद्दल त्यांना आत टाकलं होतं. धंद्यावर हात टाकला, म्हणून मार बसला, म्हणून गाणं. हा क्रम उलटा करून, मधला भाग गाळून, नुसतं गाणं उचलायचं हे ज्याला जमतं त्याने खुशाल आनंद करावा. मात्र त्या आनंदाला ईस्टरचं नाव देऊ नये.

उत्तम शुक्रवारच्या उपासना आपण कंटाळवाण्या केल्या हे खरं. बारा ते तीन, मार्च-एप्रिलचं रणरणतं ऊन, वर कुरकुरणारा पंखा, सात उद्गारांवर सात प्रवचनं आणि प्रत्येक वक्त्याचा आपला उद्गारच सगळ्यांत महत्त्वाचा असल्याचा हट्ट. पांढऱ्या साड्यांतल्या आज्या मात्र शेवटच्या प्रार्थनेपर्यंत हलत नाहीत, बोळक्या तोंडात लवंगेचा तुकडा धरून, घशाला पाणी न लावता. प्रवचनं जरूर छाटा. तीन तासांचे दोन करा. पण त्या आज्या तिथे काय करत असतात ते आधी समजून घ्या. ज्याला मारलं त्याच्यापासून उठून जाणं त्यांना जमत नाही. मरिया मग्दालीयेलाही जमलं नव्हतं. म्हणूनच रविवारी पहाटे थडग्यापाशी तीच होती, विजयाची घोषणा करणारे नव्हते. ते दारं लावून घरात बसले होते. उठलेला प्रभू पहिल्यांदा भेटला तो शुक्रवार न सोडलेल्या बाईला.

तेव्हा येत्या ईस्टरला साक्ष द्यायची असेल तर अवश्य द्या. फ्लॅटचीच द्यायची असेल तर तीही द्या. पण मग त्याच माईकवर, त्याच आवाजात हेही सांगा: त्या फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला महिन्याला काय देता, आजारपणाची सुट्टी कापता की नाही, तिने पाणी मागितलं तर कोणत्या पेल्यात देता, आणि तुमच्या मुलाने तिच्या मुलीचा हात मागितला तर घरात काय होईल. एवढं सांगून झालं की मी पहिल्या बाकावरून उठून हालेलुया म्हणतो, तुम्ही म्हणाल तितक्या वेळा.